कॅमेरा पिशवीतच राहू द्या: ठाण्यात कुत्र्यांची छायाचित्रे काढताना

गेल्या हिवाळ्यात कोलशेत भागातील एका घरी मी बुंदीचे फोटो काढायला गेले होते. बुंदी तीन वर्षांची देशी कुत्री, अंगाने काळीभोर, छातीवर बुंदीच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके. मी आत जाऊन जमिनीवर बसले तोवर तिचे शेपूट संथपणे हलत होते. पण मी कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन ओढली आणि त्या चर्र आवाजासरशी ती दिवाणाखाली गेली. काकूंनी डबा वाजवून पाहिला, "ये गं बाहेर, ताई काही करत नाही," असे समजावूनही पाहिले. एरवी हे वाक्य कुत्र्याबद्दल पाहुण्यांना सांगितले जाते. त्या दिवशी ते माझ्याबद्दल कुत्र्याला सांगितले जात होते, आणि तेच बरोबर होते. मी दिवाणाकडे पाठ करून बसले, चहा घेतला, काकूंशी गप्पा मारल्या. चाळीसेक मिनिटांनी माझ्या मोज्याला थंड नाक लागले. त्यानंतर तिने पिशवी हुंगली, पट्टा हुंगला, आणि पहिला फोटो निघाला तेव्हा मला येऊन जवळजवळ एक तास झाला होता. चेनच्या आवाजाशी तिचे काय वैर आहे हे कोणालाच माहीत नव्हते. मात्र त्या दिवसापासून मी पिशवीची चेन दाराबाहेर उघडूनच आत शिरते.

या कामात कॅमेरा हाताळणे हा तुलनेने सोपा भाग आहे. कुत्र्याने आपल्याला जवळ येऊ दिले की नाही, हे ओळखायला शिकण्यात वर्षे जातात. ज्यांना हे काम व्यवसाय म्हणून करायचे आहे, किंवा घरच्याच कुत्र्याचे चांगले फोटो हवे आहेत, त्यांच्यासाठी माझी कामाची रीत क्रमाने सांगते.

आधीचा फोन

भेटीच्या तीन-चार दिवस आधी घरच्यांशी वीस मिनिटे बोलावे. वय, लसीकरण, नुकती झालेली शस्त्रक्रिया, कानाचे किंवा सांध्यांचे दुखणे या गोष्टी विचाराव्यातच. कमरेत दुखणाऱ्या कुत्र्याला वारंवार "बस" म्हणणे म्हणजे त्याला शिक्षा करणे होय, आणि त्याचा त्रास चेहऱ्यावर दिसतो. "चावतो का?" हा प्रश्न मात्र विचारून उपयोग नाही, कारण त्याचे उत्तर प्रत्येक घरी "छे हो!" असेच येते. त्याऐवजी "तो शेवटचा कधी गुरगुरला आणि तेव्हा काय चालले होते?" असे विचारावे, म्हणजे खरी माहिती मिळते: जेवणाच्या भांड्याजवळ कोणी गेले होते, हेल्मेट घातलेला माणूस दारात आला होता, झोपेत असताना नातवाने मिठी मारली होती.

आंघोळ त्याच दिवशी घालू नये, दोन दिवस आधी घालावी. आंघोळीच्या दिवशी केस पिंजलेल्या कापसासारखे उभे राहतात आणि कुत्र्याचा मूडही गेलेला असतो. मी पोहोचण्यापूर्वी छोटा फेरफटका झालेला असावा आणि पोट भरगच्च नसावे. खाऊ घरच्यांच्या पसंतीचाच आणावा, कारण कोणाला कशाची ॲलर्जी आहे हे आपल्याला माहीत नसते. बिनमसाल्याचे उकडलेले चिकन, पनीर किंवा गाजर यांचे वाटाण्याएवढे तुकडे पुरतात. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी आहेत. रश्श्यातले चिकन धुऊन देण्याची युक्ती अनेक घरांत चालते. ती करू नये, कारण कांदा-लसणाचा अंश मांसात उतरलेला असतो. काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ घातलेला असतो आणि तो कुत्र्यांसाठी घातक आहे, त्यामुळे डब्यावरचे घटक वाचूनच ते चाटवावे.

जागा, उजेड आणि हवा

पहिली भेट शक्यतो घरीच ठेवावी. तलावपाळीच्या पार्श्वभूमीवर फोटो हवेत, असा आग्रह अनेकजण धरतात. पण सकाळी चालायला येणारे आणि संध्याकाळी फिरायला येणारे यांच्या गर्दीत नवख्या कुत्र्याचे डोळे एका जागी ठरत नाहीत. उपवनला किंवा वाशीच्या सागर विहारला दिवस उजाडताच गेले तर थोडी शांतता मिळते. उद्यानांत कुत्र्यांना प्रवेश आहे का आणि व्यावसायिक छायाचित्रणाला परवानगी लागते का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे, नाहीतर सगळी सकाळ वॉचमनशी हुज्जत घालण्यात जाते. येऊरच्या जंगलात मात्र कोणी कितीही गळ घातली तरी मी कुत्रा नेत नाही. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे, तिथे बिबटे आहेत, आणि कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे.

घरात सर्वांत चांगला उजेड बाल्कनीच्या किंवा हॉलच्या मोठ्या खिडकीशी मिळतो. कुत्र्याचे तोंड उजेडाकडे आणि आपण उजेडाच्या बाजूला, थोडे तिरके बसलेले, अशी मांडणी ठेवावी, म्हणजे डोळ्यांत खिडकीचा पांढरा ठिपका उतरतो. हा ठिपका नसेल तर डोळा काचेच्या गोटीसारखा दिसतो. सकाळचे ऊन थेट येत असेल तर ग्रिलच्या सळ्यांची सावली कुत्र्याच्या अंगावर वाघाच्या पट्ट्यांसारखी पडते. त्यावर ग्रिलला जुने सुती धोतर किंवा पांढरी चादर बांधणे हा माझा ठरलेला उपाय आहे. फ्लॅश मी वापरत नाही. कुत्र्याच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो, त्यामुळे समोरून मारलेल्या फ्लॅशने डोळे हिरवे-पिवळे चमकतात, आणि दचकलेला कुत्रा पुढचा अर्धा तास कॅमेऱ्याकडे बघत नाही.

फरशीचीही काळजी घ्यावी लागते. नव्या इमारतींतल्या गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्याचे पाय घसरतात, तो नखे रोवून उभा राहतो आणि तो ताण खांद्यांत आणि मानेत स्पष्ट दिसतो. सतरंजी किंवा गोधडी अंथरली की तोच कुत्रा पाच मिनिटांत सैलावतो. गोधडी घरातलीच घ्यावी, तिला ओळखीचा वास असतो.

उन्हाळ्यात बाहेरचे काम सकाळी आठच्या आत आटोपावे. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्यावर कुत्र्याला चालवू नये. कुत्रा धापा टाकून, म्हणजे जिभेवरचे आणि श्वासमार्गातले पाणी हवेत उडवून अंग थंड करतो, आणि खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत हे पाणी नीट उडत नाही. म्हणून ठाण्यात किंवा नवी मुंबईत तापमापीवरचा आकडा फार मोठा नसतानाही कुत्र्यांना उष्णतेचा त्रास होतो. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना तो लवकर होतो. जीभ लांब लोंबकळून टोकाशी पळीसारखी रुंद झाली, की फोटोत तो हसतोय असे वाटते. प्रत्यक्षात तो तापलेला असतो. तिथेच काम थांबवून सावलीत न्यावे आणि पाणी द्यावे. तोल जाऊ लागला, उलटी झाली किंवा हिरड्या लालभडक दिसल्या तर अंगावर साधे पाणी ओतत, वारा घालत पशुवैद्याकडे न्यावे.

पावसाळ्यातला ढगाळ उजेड केसाळ कुत्र्यांना फार शोभतो. तरीही साचलेल्या पाण्यातून उड्या मारणाऱ्या कुत्र्याचा फोटो मी नाकारते, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्याकडून माणसांपर्यंत पोहोचू शकतो.

पहिली वीस मिनिटे

घरात शिरल्यावर कुत्र्याकडे बघू नये, त्याला हाक मारू नये, हात पुढे करू नये. घरच्यांशी बोलावे आणि जमिनीवर तिरके बसावे. समोरून, वरून आणि थेट डोळ्यांत बघत येणारा माणूस कुत्र्यांना अरेरावी करणारा वाटतो. आपण माणसांत ज्याला आत्मविश्वास म्हणतो, ती चाल इथे उपयोगी पडत नाही. कुत्रा हुंगायला येईल तेव्हा त्याला पूर्ण हुंगू द्यावे. माझ्या कपड्यांवर आदल्या दिवशीच्या दोन-तीन कुत्र्यांचे वास असतात आणि ते सगळे वाचायला त्याला वेळ लागतो.

मग कॅमेरा बाहेर काढून जमिनीवर ठेवावा. त्याने कॅमेरा हुंगला की एक तुकडा. कॅमेरा हातात घेतला की एक तुकडा. छताकडे रोखून एकदा शटर दाबले की एक तुकडा. लेन्सचे काळे वर्तुळ म्हणजे न लवणारा मोठा डोळा, आणि तो आपल्यावर रोखला जाणे कुत्र्याला आवडण्याचे काहीच कारण नाही. त्या डोळ्याची चिकनशी सांगड बसेपर्यंत घाई करू नये. आपल्या कुत्र्यांच्या फोटोंसाठी प्रसिद्ध असलेले अमेरिकन छायाचित्रकार विल्यम वेगमन यांचा मॅन रे नावाचा वायमरानर जातीचा कुत्रा १९७० पासून १९८२ मध्ये मरेपर्यंत त्यांच्या घरातच होता. आपल्याला परक्या कुत्र्यासोबत दोन तास मिळतात, तेव्हा त्यातली वीस मिनिटे ओळखीत जाणे काही महाग नाही.

शेवटी तीन सेकंदांची परीक्षा घ्यावी. छातीवर किंवा मानेच्या बाजूला तीन सेकंद खाजवावे आणि हात काढून घ्यावा. तो हाताकडे सरकला तर पुढे जावे, जागेवर थिजला किंवा बाजूला झाला तर नाही. डोक्यावर थोपटू नये. ते बहुतेक कुत्रे केवळ सहन करतात.

अंगाची भाषा

या कामाच्या पहिल्या वर्षी घोडबंदर रोडवरच्या एका घरी मी तपकिरी रंगाच्या एका कुत्र्यासमोर पालथी पडून, वाइड लेन्स त्याच्या नाकाशी नेऊन फोटो काढत होते. तो गोड दिसत होता, घरचे कौतुकाने हसत होते, आणि एका क्षणी त्याने माझ्या डाव्या मनगटावर दोन दात उमटवले. जखम लहान होती. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊन रेबीजची लस सुरू केली. कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी हा निर्णय डॉक्टरवरच सोडावा. रात्री मी मेमरी कार्ड पाहिले. चावण्याआधीच्या अकरा फोटोंत सगळे लिहून ठेवलेले होते. पहिल्या तीनांत तो ओठ चाटत होता. चौथ्यात जांभई. सहाव्यात मान वळवलेली, पण डोळे माझ्याकडे, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी चंद्रकोर. नवव्यापासून तोंड घट्ट मिटलेले आणि अंग ताठ. त्याने अकरा वेळा नाही म्हटले होते आणि मी अकरा वेळा शटर दाबले होते. चूक संपूर्णपणे माझी होती.

नवशिक्यांनी म्हणूनच कॅमेरा घेण्याआधी आठवडाभर सोसायटीच्या आवारात बसून कुत्रे नुसते बघावेत. भूक नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभई, अंग ओले नसताना झटकणे, ही सगळी ताणाची लक्षणे आहेत. शेपूट हलले म्हणजे कुत्रा खूश आहे, हा समज तर सोडूनच द्यावा: सैल शेपूट कमरेसह हलते तेव्हा आनंद असतो, तर उंच, ताठ, थरथरणारे शेपूट हा इशारा असतो. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कोणी ओरडले तर मी नम्रपणे थांबवते, कारण गुरगुरायची बंदी झालेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

कॅमेऱ्याची मांडणी

बसलेल्या कुत्र्यासाठी शटरचा वेग किमान सेकंदाचा २५० वा भाग, चालत्यासाठी ५०० वा आणि धावत्यासाठी १००० वा किंवा त्याहून जलद ठेवावा. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवावी लागली तरी चालेल. फोटोतले दाणे लोक खपवून घेतात, हललेले डोळे नाही. लांब नाकाच्या कुत्र्याचा फोटो एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र खूप मोठे ठेवून, काढला तर डोळे स्पष्ट येतात आणि नाक धुक्यात जाते, म्हणून जवळून काढताना मी एफ ४ किंवा ५.६ वर जाते. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या प्रकारावर ठेवावा. आता अनेक कॅमेऱ्यांत प्राण्यांचा डोळा ओळखणारा फोकस मिळतो. तो उत्तम चालतो, पण काळ्या कुत्र्याचा डोळा केसांत हरवला की फसतो, तेव्हा एकच बिंदू निवडून डोळ्यावर ठेवावा. आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी मूक शटर वरदान आहे, मात्र काही एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोत आडवे पट्टे येतात आणि धावत्या कुत्र्याचा आकार तिरपा होतो.

बुंदीसारख्या काळ्या कुत्र्याने चौकट भरली की कॅमेऱ्याला दृश्य अंधारे वाटते आणि तो उजेड वाढवून काळ्याचे राखाडी करतो. तिथे एक्स्पोजर अर्ध्या ते एका पायरीने कमी करावे. पांढऱ्या कुत्र्यासाठी तेवढेच वाढवावे. काळ्या कुत्र्याला काळ्या सोफ्यावर बसवू नये, हे सांगायला नको, पण घरोघरी पहिली सूचना तीच येते.

मोबाइलवरही उत्तम फोटो निघतात. उंची कुत्र्याच्या डोळ्यांएवढी ठेवावी, बर्स्ट (एकामागोमाग अनेक फोटो घेण्याची सोय) वापरावा आणि पोर्ट्रेट मोड टाळावा, कारण तो कानांचे केस आणि मिशा पार्श्वभूमीसह पुसून टाकतो.

लक्ष वेधणे

चूं-चूं करणारी खेळणी प्रत्येकजण आणतो आणि पहिल्या दोन मिनिटांत संपवून टाकतो. प्रत्येक आवाज दोनदाच कामाला येतो, तिसऱ्यांदा कुत्र्याला तो कळलेला असतो. म्हणून हळू आवाजापासून सुरुवात करावी: आधी श्वासाचा फुसकारा, मग जिभेची टकटक, मग वेफर्सच्या पाकिटाचा कुरकुर आवाज, आणि खेळणे सर्वांत शेवटी. बोट शटरवर ठेवल्यानंतरच आवाज काढावा. मान तिरकी होते ती पहिल्या सेकंदात.

याहून परिणामकारक म्हणजे त्या घरातला शब्द. कुठे तो "चक्कर" असतो, कुठे "भूर", कुठे "आजोबा आले". फोनवरच तो विचारून ठेवावा आणि सत्राच्या शेवटीच वापरावा. "चक्कर" म्हटल्यावर मात्र खरोखर चक्कर मारून आणावी लागते. मी फोटोसाठी खोटे बोलत नाही, कारण त्या घरात पुढच्या वर्षीही मला जायचे असते.

रंगांबद्दल थोडे. कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग नीट कळतो, तर लाल आणि हिरवा त्यांना सारखाच मळकट दिसतो. हिरवळीवर फेकलेला लाल चेंडू आपल्याला उठून दिसतो आणि त्याला शोधावा लागतो. धावण्याचे फोटो हवे असतील तर निळा चेंडू घ्यावा.

प्रत्येक फोटोत कुत्र्याने कॅमेऱ्याकडे बघितले पाहिजे, हा हट्टही मला पटत नाही. आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलेले कुत्र्यांचे पहिले चित्र म्हणजे दत्ताची तसबीर, आणि कित्येक तसबिरींत ते कुत्रे बघणाऱ्याला विसरून मान वर करून दत्ताकडेच बघत असतात. घरातल्या आवडत्या माणसाला कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, उजेडाच्या बाजूला बसवा आणि काहीही न करता नुसते बोलू द्या. त्या आवाजाकडे बघणाऱ्या कुत्र्याचा फोटो मालिकेत सर्वांत आधी निवडला जातो, हा माझा अनुभव आहे.

पट्टा कधीही काढू नये. मोकळ्या जागी तर नाहीच, मग कुत्रा कितीही शिकवलेला असो. पातळ दोरी एका बाजूला धरावी आणि कुत्रा हलल्यावर त्याच जागेचा एक रिकामा फोटो घ्यावा, म्हणजे नंतर संगणकावर दोरी पुसणे सोपे जाते.

रस्त्यावरचे आणि म्हातारे

रस्त्यावरच्या कुत्र्यांचे फोटो काढण्याआधी त्यांना रोज खाऊ घालणाऱ्या व्यक्तीला गाठावे. प्रत्येक गल्लीत अशी एक ताई किंवा काका असतातच. कोण माणसाळलेला, कोण नुकता जखमी झालेला, हे त्यांनाच ठाऊक असते. कानाचे टोक कापलेले दिसले तर तो नसबंदी झालेला कुत्रा, आणि त्या वेळी त्याला रेबीजची लसही दिलेली असते. पिल्लांजवळच्या आईच्या वाटेला जाऊ नये. दत्तक देण्यासाठी फोटो हवा असेल तर स्वच्छ पार्श्वभूमी, डोळ्यांच्या पातळीवरचा चेहरा, आणि शेजारी बसलेल्या माणसासह एक पूर्ण फोटो द्यावा, म्हणजे आकार कळतो. दयनीय फोटोंना हळहळ मिळते, घर क्वचित मिळते.

म्हाताऱ्या कुत्र्यांना अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देऊ नये आणि उठायला लावू नये. आपण त्यांच्या अंथरुणाशी जावे. पांढरे झालेले थोबाड, भेगाळलेले तळवे, कानामागे ठरलेल्या जागी खाजवणारा आजोबांचा हात, एवढे पुरते. डोळ्यांतला मोतीबिंदू आणि अंगावरच्या गाठी मी संगणकावर पुसत नाही. घरच्यांनी सांगितले तरच पुसते, आणि आजवर दोघांनीच सांगितले.

नोंदवही

घरी आल्यावर निवड करताना ताणाची लक्षणे दिसणारे फोटो आधी काढून टाकावेत, ते कितीही सुंदर असले तरी. त्यानंतर त्या कुत्र्याची नोंद लिहावी. माझ्याकडे दोनशे पानांची साधी वही आहे. यंदा बुंदीच्या घरून पुन्हा बोलावणे आले, तेव्हा तिचे पान काढले: "चेन बाहेर उघडणे. पनीर, चिकन नको. डावीकडून जाणे. काळ्या दिवाणावर नाही. शब्द: लिफ्ट. म्हटल्यास खाली नेणे." या वेळी ती दारातच आली, पिशवी हुंगली, आणि सोळाव्या मिनिटाला पहिला फोटो निघाला. शेवटी मी "लिफ्ट" म्हटले, आणि आम्ही तिघी खाली जाऊन दोन चकरा मारून आलो.